अक्राची राणी आणि पालीचा वाटा

राई गाव मागे पडलं तरी नानासाहेब रामनाथसाहेबांशी भांडतच होते. रामनाथसाहेब तिथे नव्हते. ते मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कातल्या आपल्या घरी, शनिवारचं जेवण उरकून आडवे झाले असतील. पण नानासाहेब रस्त्याच्या कडेने चालता चालता हवेतच त्यांना उत्तरं देत होते, आणि ती सगळी उत्तरं संध्याला ऐकावी लागत होती.

“स्पर्धा पाहिजे म्हणता ना तुम्ही? मग जिच्याकडे लोक आपणहून जातात तिलाच उठवता कसे? हे बोलायला पाहिजे होतं मी. तेव्हा सुचलंच नाही.”

“आता सुचून काय उपयोग, नाना,” संध्या म्हणाली. “पाय उचला जरा.”

भाईंदरहून निघालेली बस मुर्ध्याच्या पुढे गरम होऊन बसली होती. मागची गाडी येतेय, येतेय म्हणत कंडक्टरने अर्धा तास काढला. शेवटी संध्याच उठली. पाली काही पळून जात नाही, चालू या, म्हणाली. तेव्हापासून दोघं चालत होती. दोन्ही हातांना मिठागरं, फेब्रुवारीचं ऊन, आणि सावली म्हणाल तर नानासाहेबांच्या काळ्या छत्रीची. तीही ते बोलताना हातवारे करत, म्हणून कधी हिच्या डोक्यावर, कधी रस्त्यावर.

काम एकच होतं. पालीच्या मनोरमाला गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, त्यांच्या बेव्हर्ली पार्क कॉम्प्लेक्सच्या रहिवासी महासंघाच्या सभेला यायला तयार करायचं. ती आली आणि स्वतःच्या तोंडाने ओटा मागितला, तर मिळण्याची आशा होती. नाही आली तर मासळीचे सहाही ओटे एका एसटीडी-झेरॉक्सवाल्याला द्यायचे असं ठरून गेलं होतं. मनोरमाची जागा गेली होती ती या दोघांच्याच हातून. नानासाहेबांनी एक शब्द उच्चारला होता, संध्याने तो लिहून ठेवला होता.

संध्या भाईंदरच्या मराठी शाळेत शिकवायची. अक्षर मोत्यासारखं, म्हणून महासंघाच्या सभांचा वृत्तान्त तिच्या गळ्यात पडला होता. सभा चाले हिंदी, इंग्रजी, गुजराती, सगळ्यांची भेळ करून. लिहायचं मात्र मराठीत, कारण संध्याला तेवढंच येत होतं आणि दुसरं कोणी लिहायला तयार नव्हतं.

नानासाहेब मूळचे जालन्याकडचे. बौद्ध घरातले, त्या घरातले पहिले मॅट्रिक झालेले. मुंबईला येऊन दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज करत बी.कॉम. झाले, आणि फोर्टातल्या एका सिंधी पेढीत कारकून लागले. त्या पेढीचा धंदा घानात होता, अक्रा शहरात. शहात्तर साली पेढीने त्यांना तिकडे पाठवलं. चार वर्षं राहिले. परत आल्यावर लोक विचारायचे, आफ्रिकेत वाघ पाहिले का हो? नानासाहेब सांगायचे, तिथे वाघ नसतात, आणि सिंह मी राणीच्या बागेतच पाहिला. मग तिथे पाहिलं काय? की नानासाहेब खुर्ची पुढे ओढून सुरू व्हायचे, आणि विचारणाऱ्याला आपण का विचारलं असं होऊन जायचं.

कारण त्यांनी पाहिले होते भाव. सरकारने ठरवलेले, छापून लावलेले भाव. साबणाचा भाव, दुधाच्या पावडरीचा भाव, नेसायच्या कापडाचा भाव. भाव भिंतीवर आणि फळ्या रिकाम्या. चॉकलेट ज्यापासून करतात तो कोको तिथलं मोठं पीक. शेतकऱ्याने तो सरकारी मंडळालाच विकायचा, आणि मंडळ हातावर इतकं थोडं टेकवायचं की लोक पोती डोक्यावर घेऊन रानवाटेने शेजारच्या देशात नेऊन विकत. ज्यांना तेवढं चालवत नव्हतं त्यांची फळं झाडावरच काळी पडत. पेढीत नानासाहेबांचा निम्मा दिवस परवान्यांच्या मागे जाई. एक परवाना माल आणायचा, दुसरा तो गोदीतून सोडवायचा. माल आला तर ठरल्या भावात विकायचा, म्हणजे तोटा. आणि ठरल्या भावात नाही विकला तर गुन्हा.

“गरीब देश आहे म्हणून गरीब, असं सगळे म्हणतात,” ते म्हणायचे. “तो देश गरीब नव्हता हो. कष्टाळू माणसं. बायका तर अशा की आपल्याला बाजार शिकवतील. त्यांचे हात बांधून ठेवले होते.”

घरी त्यांच्या बायकोने, सरोजाबाईंनी, यावर एक उपाय शोधला होता. ‘अक्रात असताना’ हे दोन शब्द ऐकले की त्या उठून कुकर लावत. पहिली शिट्टी होईपर्यंत नानासाहेब कोकोपर्यंत पोचत, तिसऱ्या शिट्टीला थांबत. पाहुण्यांना त्या सरळ सांगत, बसा, आमच्याकडे आफ्रिका लागली की भात होतो.

माणूस एककल्ली, पण एकांगी नव्हता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, खाली बुद्धाची छोटी मूर्ती. संध्याने एकदा त्यांना टोकलं होतं, तुम्ही सरकारवर एवढे चिडता, मग शिष्यवृत्ती कोणी दिली तुम्हाला? त्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, सरकारनेच दिली, म्हणून तर तुमच्यापुढे सदरा घालून बसलोय. शाळा काढावी, दवाखाना काढावा, अडवणूक करणाऱ्याला पकडावं. फक्त टोमॅटोचा भाव सरकारने ठरवू नये, एवढंच माझं मागणं.

एक्याण्णव साली आपल्याकडे खुल्या धोरणाचे वारे वाहायला लागले, तेव्हा नानासाहेबांना वाटलं, आता तरी लोक ऐकतील. बँकेतून निवृत्त झालेले रामनाथसाहेब महासंघाचे अध्यक्ष. त्यांनी पुढच्या प्रजासत्ताकदिनी झेंड्याखाली भाषण केलं. परवान्यांचं राज्य संपलं, आता ग्राहक हा राजा, वगैरे. सगळ्यात जोरात टाळ्या नानासाहेबांनी वाजवल्या. घरी येऊन सरोजाबाईंना म्हणाले, बघ, लोकांना कळायला लागलं. त्या म्हणाल्या, कळलं असेल तर बरंच आहे, भात टाकू का?

तीन वर्षं गेली आणि त्याच रामनाथसाहेबांनी भावफलक आणला.

झालं होतं असं. कॉम्प्लेक्सच्या कोपऱ्यावर मोकळा प्लॉट होता. तिथे पालीहून मनोरमा आणि तिच्याबरोबरच्या पाच जणी मासळीच्या पाट्या घेऊन बसत. विकायचं वाट्यावर, तागडी नाही. मनोरमा पाटीच्या झाकणावर बोंबलांचा ढीग लावी, तो झाला वाटा, आणि वाट्याचे दहा रुपये. सकाळी, दुपारी, संध्याकाळी दहाच. भाव कधी बदलायचा नाही, वाटा बदलायचा. सकाळच्या वाट्यात पाच बोंबील, दुपारी सात, दिवेलागणीला पाटी रिकामी करून घरी जायचं असेल तर दहासुद्धा.

एके दिवशी रामनाथसाहेबांच्या बायकोने सकाळी वाटा घेतला. समोरच्या ब्लॉकमधलीने संध्याकाळी घेतला. दोघींनी रात्री जिन्यात पिशव्या उघडून दाखवल्या, आणि दुसऱ्या दिवशी महासंघाच्या कचेरीत तक्रार आली की कोळणी फसवतात. बिल्डर तेव्हा प्लॉटवर पत्र्याची शेड आणि सिमेंटचे ओटे बांधून देणारच होता. महासंघाने ठरवलं की ओटे कार्डावर द्यायचे, आणि कार्ड तिलाच, जी फळ्यावर लिहिलेल्या भावाने विकेल. बोंबील दहा रुपयांस सहा नग, दिवसभर. रामनाथसाहेबांनी सहा आकडा कसा काढला? पाच, सात, दहा. सरासरी जरा जास्त येत होती, पण बायांचंही बघायला पाहिजे, म्हणून सहा.

नानासाहेब हे ऐकून कासावीस झाले. ज्यांनी टीव्ही, गाड्या, परदेशी घड्याळं खुली झाली म्हणून पेढे वाटले, त्यांना मनोरमाचे बोंबील मात्र सरकारी भावात हवे होते. सभेत बोलायची परवानगी मागितली. दहा मिनिटं मिळाली.

त्या दहातली आठ त्यांनी अक्रात घालवली.

तिथल्या मोठ्या बाजाराचं नाव मकोला. तिथे प्रत्येक मालाच्या विक्रेत्या बायांची एक पुढारीण असते, तिला ते राणी म्हणतात. त्यांच्या भाषेत ओहेमा. सुरणाची राणी, कापडाची राणी, टोमॅटोची राणी. हे सांगताना नानासाहेबांचे डोळे चमकत होते. एकोणऐंशी साली सैनिकांनी सत्ता घेतली, महागाईचा दोष बाजारच्या बायांवर ठेवला, त्यांचा माल ओढून ठरल्या भावात वाटला, बायांना मारझोड केली, आणि शेवटी तो बाजारच जमीनदोस्त केला. हे सांगून नानासाहेब दम घ्यायला थांबले. मग मनोरमाकडे वळायचं म्हणून अभिमानाने म्हणाले, “आपल्या इथे पालीची मनोरमा आहे. ती बोंबलांची राणी.”

“एक मिनिट,” रामनाथसाहेब म्हणाले. “म्हणजे बाकीच्या बायांनी काय करायचं ते ही ठरवते?”

“हो, तीच ठरवते. पण ऐका—”

“कोणी कुठे बसायचं, कोणी काय आणायचं?”

“तीच. पण त्याचा अर्थ—”

“नानासाहेब, तुम्हीच तर म्हणता स्पर्धा पाहिजे. मग ही दादागिरी कशाला चालवून घ्यायची?”

हॉलमध्ये हशा झाला. कोणी तरी मागून म्हणालं, राणी हटाव, देश बचाव. चहा आला. नानासाहेब उभेच होते, बोलतही होते, पण कपबशांच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेलं नाही.

संध्याने घरी जाऊन वृत्तान्त लिहिला. चांगलं मराठी लिहायचं म्हणून तिने वाक्य केलं: ‘सदर मनोरमाबाई इतर विक्रेत्यांवर राणीप्रमाणे हुकमत चालवितात, ही बाब श्री. नानासाहेब यांनी सभेच्या निदर्शनास आणून दिली.’ वाक्य तिला आवडलंही होतं. तो कागद शेडच्या खांबावर चिकटवला गेला. पाच कार्डं निघाली, मनोरमाचं नाही. तिच्याशिवाय बाकीच्या पाच जणीही आल्या नाहीत. कोणी तरी कंत्राटदार बर्फातली मासळी टेम्पोतून आणू लागला, फळ्यावरच्या भावाने. पहिले चार दिवस झुंबड, मग वास, मग टेम्पो येईनासा झाला. आता सगळे भाईंदरला जाऊन मासळी आणत आणि कोळणींना शिव्या देत.

संध्या सोमवार आणि गुरुवार पाळणारी, तिला मासळीचं एवढं नव्हतं. पण सकाळी देवापुढे निरांजन लावलं की ते निदर्शनास आणून दिलेलं वाक्य मध्येच यायचं. आपल्या अक्षरामुळे कोणाच्या तरी पोटावर पाय आला, हे काही मनातून जाईना. म्हणून ती आज शाळा सुटल्यावर नानासाहेबांच्या दारात उभी राहिली होती.

डोंगरीच्या चर्चपाशी दोघं थांबली. संध्याने बाहेरच्या क्रुसापुढे नकळत हात जोडले. नानासाहेबांनी छत्री मिटली आणि पुन्हा सुरू केलं.

“राणी भाव ठरवत नाही हो. टेम्पो येतो शंभर मैलांवरून. त्यात टोमॅटो. ते तासाभरात उतरवले नाहीत तर चिखल. राणी ते वाटून देते, कोणाकडे किती खपेल हे तिला माहीत असतं. कोणाकडे पैसे नसले तर ती जामीन राहते. बाजार पाडल्यावर गाडीवाल्यांना कळेना, माल कोणाच्या भरवशावर उतरवायचा. महिनाभर शहरात टोमॅटो दिसला नाही, आणि दिसला तेव्हा आधीपेक्षा महाग. हे सांगायचं होतं मला. हेच राहिलं.”

“मग आधी हेच सांगायचं होतं, नाना.”

“आधी पार्श्वभूमी नको का द्यायला?”

संध्याला हसू आलं आणि रागही. पार्श्वभूमीतच मनोरमा बुडाली होती.

पालीत पोचेपर्यंत चार वाजून गेले. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरून सायकल आली तर भिंतीला टेकायचं. मनोरमाचं घर समुद्राच्या बाजूला. पुढच्या मोकळ्या जागेत बांबूच्या वलांडी उभ्या, त्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगून वाळत घातलेले. मनोरमा खाली बसून वाळलेले उतरवत होती. पन्नाशीची बाई, हाताने चपळ. या दोघांना पाहून ती उठली नाही.

“ये बाय, बस,” ती संध्याला म्हणाली. नानासाहेबांना काहीच म्हणाली नाही. घरातून सून पाणी घेऊन आली, तेव्हा मात्र तिने आधी त्यांच्याकडे बोट केलं. म्हातारा उन्हातून आलाय, त्याला दे.

नानासाहेब पाणी प्याले आणि त्यांनी घसा साफ केला. “मनोरमाबाई, गैरसमज झालाय. अक्रामध्ये—”

“ता आफ्रिका ऱ्हाऊ दे,” मनोरमा म्हणाली.

ती ओरडली नाही. पण नानासाहेब थांबले, कुकरची तिसरी शिट्टी झाल्यासारखे.

मग तिने सांगितलं ते संध्याच्या कायम लक्षात राहिलं. ओटा गेल्याचं तिला फार नव्हतं, पाटी घेऊन कुठेही बसता येतं. दुखलं होतं ते वेगळंच. खांबावरचा कागद हंसाच्या शिकलेल्या पोरीने वाचून दाखवला होता. हंसा तिच्या शेजारी बावीस वर्षं बसत आलेली. हंसाला ताप असला की तिची पाटीही मनोरमाच विकायची, सकाळी बंदरावर सहा जणींनी सारखाच माल उचलू नये म्हणून वाटणी करून द्यायची, कोणी बोंबील, कोणी जवळा, कोणी मांदेली. त्या हंसाने कागद ऐकल्यावर विचारलं, मनोरमे, तू आमच्यावर काही पैसे काढतेस का गं? एवढी सायबलोकं लिहितात म्हणजे काही तरी असेल. पंधरा दिवस हंसा तिच्याशी बोलली नव्हती. बंदरावर बाप्ये चेष्टा करत, राणी आली, वाट सोडा.

“राणी बसून खाते,” मनोरमा म्हणाली. “मी साऱ्यांचे आधी उठतंय. कोनी लिवलं ता?”

नानासाहेब बोलायच्या आत संध्या म्हणाली, “मी लिहिलं. बोलले नाना, पण हुकमत हा शब्द माझा. त्यांनी तो म्हटला नव्हता.”

मनोरमाने तिच्याकडे नीट पाहिलं. “तू मास्तरीन ना? मग इचारून लिवायचं.”

संध्याने मान खाली घातली.

मग संध्यानेच विचारलं. नानांना बाजूला ठेवून, सरळ. वाटा कमीजास्त का करता? बायकांना वाटतं तुम्ही सकाळी लुबाडता.

मनोरमा हसली, पहिल्यांदाच. तिने सुके बोंबील घेतले आणि जमिनीवरच तीन ढीग लावले. पाच, सात, दहा.

“ही सकाल. जिला ताजा पायजे, घरान पाव्हना हाय, ती पाच घेते न् जाते, कटकट न्हाय. ही दुपार. ही सांज. सांजचे येते ती कामावरशी येते, कोनाचे घरची भांडी करून येते. तिला धा पायजेत, चार पोरा हान. ताजा कती, ती इचारत न्हाय. माजी पाटी रिकामी. आता सांग, कोन फसला?” मग तिने हाताने तिन्ही ढीग मोडून सहा-सहाचे केले. “ह्या तुमचा फला. सकालचे सगल्याच येनार, सहा मिलतान म्हनून. सांजचे ती भांडीवाली येल तवा पाटीन काय? पानी. आनि ज्या दिसा माल जास्त आला त्या दिसा काय, ता मी सहा-सहा देऊन उरलेला घरी न्यायचा न् कुजवायचा?”

संध्याने नानासाहेबांकडे पाहिलं. ते त्या ढिगांकडे बघत होते. पंधरा वर्षं ते जे सांगत फिरत होते, कोको, परवाने, सैनिक, मकोला सगळं धरून, ते पालीच्या अंगणात वीसबावीस बोंबलांत सांगून झालं होतं, आणि कुकर लावायलाही वेळ लागला नव्हता.

“हेच,” ते पुटपुटले. “अगदी हेच.”

“मंग मना बोलवायचं व्हतं ना सभेला,” मनोरमा म्हणाली. “माजा बोलना तुमी कशाला बोललाव?”

मनोरमा पुन्हा बोंबील गोळा करू लागली. मग, मासळी घेताना नानासाहेबांनी अनेकदा ऐकवलेलं आठवून, हात न थांबवता तिने विचारलं, “ती टमाट्याची राणी. तिला मंग जागा मिलाली का?”

संध्याला वाटलं आता अक्रा सुरू होणार. पण नानासाहेब फार हळू बोलले. मला माहीत नाही, म्हणाले. बाजार पाडायच्या आधी सैनिक तिला पुढे घालून दुकानादुकानांत विचारत आले होते, ही बाई साठा करते का? पेढीला रोज तीच भाजी पुरवायची, कधी एक टोमॅटो जास्तीचा ठेवला नव्हता तिने. “मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी परदेशी माणूस, मला काही माहीत नाही. पेढीने सांगितलं होतं, कशात पडू नका. तिने पाहिलं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशीपासून ती दिसली नाही. पुढच्या वर्षी मी परत आलो.”

हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सरोजाबाईंनाही नसणार. संध्याला एकाएकी त्यांची सगळी बडबड आठवली, जिन्यातली, गणपतीच्या मांडवातली, वाण्याच्या दुकानातली, आणि तिला त्यांच्याकडे बघवेना.

मनोरमाला मात्र त्यात रडण्यासारखं काही वाटलं नाही. तिने पाटी कडेला सरकवली. “येतंय मी उद्या,” ती म्हणाली. “हंसालाही आनतंय. तिचेसमोरच इचारू दे त्यांना, मी काय काढतंय ता. पन एक. नानासायबांनी तोंड उघडायचा न्हाय. एक शबुद न्हाय. उघडला तर मी पाटी उचलून तशीच माघारी.”

“कबूल,” संध्या म्हणाली.

“तुला न्हाय इचारला. त्यांना.”

नानासाहेबांनी मान हलवली.

निघताना मनोरमाने वाळलेले बोंबील कागदात बांधून संध्याच्या हातात दिले. संध्या पैसे काढायला गेली तर म्हणाली, ठेव, उद्या कुठे तरी शब्द चुकलीस तर वसूल करीन.

उत्तनच्या स्टॉपपर्यंत दोघं चालत आली. समुद्राकडून वारा सुटला होता, ऊन उतरलं होतं, चालायला येतानापेक्षा सोपं होतं. पण नानासाहेब गप्प. संध्या इतकी वर्षं त्यांना ओळखत होती, तिने त्यांना एवढं गप्प कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं समजूत घालावी, पण काय सांगणार? तुमचं म्हणणं खरं आहे, फक्त तुम्ही ते सांगू नका, हे कोणत्या शब्दांत सांगतात? ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिली. उद्या त्या बाईला नीट बोलू दे, रामनाथसाहेबांना नीट ऐकू दे, एवढंच मागणं.

बस आली नव्हती. स्टॉपवर एक कुत्रं झोपलं होतं. नानासाहेब कठड्यावर टेकले, दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवले. रामनाथसाहेब उद्या म्हणतील, बाई, मग तुम्ही सहा जणी मिळून भाव चढवत नाही कशावरून, असं त्यांना वाटत होतं. त्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं, अगदी मुद्देसूद, आणि त्यात फक्त एकदाच घाना येत होता.

“मला येतं उत्तर त्याचं,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“सांगू नये?”

“नाही, नाना.”

दूरवर वळणावर बसचा दिवा दिसला, तसे ते उठले, पायजम्यावरची धूळ झटकली, आणि संध्याकडे न बघता म्हणाले, “संध्याताई, तुम्हाला एक मागतो. उद्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसा. वृत्तान्ताची वही मांडीवर ठेवून लिहा हवं तर, पण डावा हात मोकळा ठेवा. मी उठायला लागलो, तर सदऱ्याची बाही धरून मला खाली ओढा. चारचौघांत माझं हसं होईल, होऊ द्या. मी रागाने बघेन तुमच्याकडे, तरी बाही सोडू नका. ती बाई बोलून होईपर्यंत.”